ओळखीचा रकाना

‘नमस्कार सर, मी नांदेडचा. तुमच्या कंपनीतला हा जॉब आयडी. रेझ्युमे जोडलाय. प्लीज रेफर करा ना.’ हा एक निरोप. ‘अन्ना, प्लीज रेफर चेयंडी,’ हा दुसरा. तिसऱ्यात मला भलत्याच नावाने हाक मारलेली असते, कारण तोच मजकूर सगळ्यांना चिकटवताना माझ्या वेळी नाव बदलायचं राहून गेलेलं असतं. चौथा मला ‘मेंटॉर’ म्हणतो. मी त्याला कधी काय शिकवलं ते त्यालाच ठाऊक. हैदराबादेत हायटेक सिटी, गच्चीबावली नाहीतर नानकरामगुड्यातल्या एखाद्या बऱ्या कंपनीचं नाव तुमच्या नावापुढे लागलं की रोजची सकाळ अशी उजाडते.

आमच्या कँटीनमध्ये या निरोपांची टिंगल केल्याशिवाय काहींना जेवण जात नाही. कुणी स्क्रीनशॉट दाखवतो, कुणी त्यातलं इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवतो. ‘काय ही भीक!’ म्हणून सगळे हसतात. हसणाऱ्यांतले बरेचजण स्वतः कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने आत आलेले आहेत, आणि ते टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. अनोळखी पोराने मागितली तर भीक, मेव्हण्याने मागितली तर नेटवर्किंग. मला या हसण्याची चीड आहे.

रेफर करणं म्हणजे नेमकं काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपनीच्या आतल्या पोर्टलवर उमेदवाराचा रेझ्युमे चढवायचा. मग एक रकाना समोर येतो: ‘या व्यक्तीला तुम्ही कसे ओळखता?’ खाली पर्याय असतात. पूर्वीचा सहकारी, वर्गमित्र, नातेवाईक, इतर. त्याच्या कामाबद्दल दोन ओळी लिहायच्या आणि बटण दाबायचं. उमेदवार रुजू झाला, काही महिने टिकला, की रेफर करणाऱ्याच्या पगारात बक्षिसाची रक्कम जमा.

हा रकाना लोक कसा भरतात? ज्याला जन्मात पाहिलेलं नाही तो ‘पूर्वीचा सहकारी’ होतो. दोन ओळींचा मजकूर एकदाच लिहून ठेवलेला असतो: मेहनती, होतकरू, शिकण्याची जिद्द असलेला. तो सगळ्यांना लागू पडतो, कारण तो कुणालाच लागू पडत नाही. माझ्या पाहण्यातला एक जण आलेला प्रत्येक रेझ्युमे डोळे झाकून चढवतो. कोरडवाहू रानात दाट पेरावं, पाऊस झाला तर चार रोपं तरी हाती लागतील, असा त्याचा हिशेब. सर्वाधिक रेफरल दिल्याबद्दल टाळ्यांच्या गजरात त्याचा सत्कारही झाला. खोट्या साक्षीबद्दल शाल-श्रीफळ देणारी व्यवस्था मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

पण हा खोटेपणा फक्त अनोळखी उमेदवारांपुरता आहे, असं समजू नका. रविवारी दुपारी आत्याचा फोन येतो. ‘अरे, तुझ्या कंपनीत जागा निघाल्यात म्हणे. आपल्या ताईच्या नातवाचं बघ ना जरा. घरचाच मुलगा आहे.’ या घरच्या मुलाला मी बारशात पाहिलं, मुंजीत पाहिलं आणि मधे कुणाच्या तरी लग्नात तो माझ्यासमोरच पंगतीला बसला होता. जिलब्या झकास खाल्ल्या त्याने. त्याने लिहिलेल्या कोडची मात्र एक ओळ मी वाचलेली नाही. काम अंगावर आलं की तो रात्र जागतो की आजारी पडतो, चूक सापडली की कबूल करतो की शेजाऱ्यावर ढकलतो, यातलं मला काडीचं ठाऊक नाही. म्हणजे कामाच्या दृष्टीने तो मला त्या नांदेडच्या पोराइतकाच परका. पण त्याच्या नावापुढे ‘नातेवाईक’ असं लिहिलं की ती खरी माहिती ठरते, रेझ्युमे पुढे सरकतो, आणि कँटीनमध्ये कुणी हसत नाही.

हैदराबादच्या मराठी माणसाला हे सांगितलं की त्याला झोंबतं. काचीगुड्यापासून सुलतान बाजारापर्यंत आणि आता कोंडापूरच्या टॉवरांपर्यंत आपली घरं पसरली आहेत. कुठल्याही घरच्या गणपतीला जा, आरती संपली की तासाभरात गप्पा आरक्षणावर येतात. ‘आमच्या पोरांना गुणवत्तेवर मिळवावं लागतं हो,’ असं सांगणारे काका प्रसादाची वाटी खाली ठेवायच्या आत मला बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, ‘तुमच्याकडे ओपनिंग आहे का काही?’ शासनाने छापील नियमाने, यादी लावून दिलेली जागा म्हणजे अन्याय. आणि काकांनी भिंतीशी उभं राहून मागितलेली जागा म्हणजे माणुसकी. यात आपल्याला काही खटकतच नाही, इतके आपण निर्ढावलो आहोत.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी एक साधा प्रयोग केला होता. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं फक्त नाव: काही नावं उघड सवर्ण, काही दलित, काही मुस्लीम. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला साधारण दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला एक तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. तोंडाने गुणवत्तेचा जप करणारी ही मंडळी उमेदवाराला ‘घरची पार्श्वभूमी’ आवर्जून विचारत होती. आणि ही गोष्ट उघड जाहिरात देऊन, सगळ्यांकडून अर्ज मागवून केलेल्या भरतीची. आता तर जाहिरात नावापुरती उरली आहे. माझ्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांची आडनावं काढून बघितली तर त्यात अर्धा भारत गैरहजर आहे. तुमच्या फोनमध्येही असेल. अशा फोनांतून भरती करायची आणि वर ‘आम्ही जात विचारतच नाही’ म्हणायचं. विचारायची गरजच काय? ती गाळून मगच माणूस आमच्यापर्यंत येतो.

हैदराबादला हे दुखणं काही आज जडलेलं नाही. पहिले सालारजंग १८५३ साली दिवाण झाले, त्यांनी कारभार सुधारायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली, आणि नोकऱ्या बाहेरच्यांनी बळकावल्या अशी ओरड सुरू झाली. मुल्की म्हणजे इथले आणि गैरमुल्की म्हणजे बाहेरचे, हे भांडण तिथलं. १९१९ च्या फर्मानाने मुल्की कुणाला म्हणायचं याचे नियम घातले. संस्थानात पंधरा वर्षं राहिल्याची अट पुरी करणाऱ्यालाही दाखला मिळू लागला. मग दाखला आला तिथे खोटा दाखलाही आला. १९५२ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते मुख्यतः याच खोट्या दाखल्यांवरून. सप्टेंबरात सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे हे नियम थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ साली न्यायालयाने ते वैध ठरवले.

यातली आपल्याला लागणारी गोष्ट अशी की त्या वेळी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. आज मला ‘प्लीज रेफर करा ना’ म्हणणाऱ्या पोराचा आजोबा या शहरात मुल्की होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या आणि नातू इथे परका झाला. मला मुल्की नियमांचा पुळका नाही. जन्मगाव पाहून नोकरी देणं मला मान्य नाही. पण तो नियम निदान कागदावर होता. दाखला खोटा असेल तर त्यावर बोट ठेवता येत होतं, मोर्चा काढता येत होता, वकील लावता येत होता. आज तुमचा अर्ज कुणी उघडूनही पाहिला नाही, याविरुद्ध दाद कुठे मागणार? सायबर टॉवर्ससमोर घोषणा द्यायच्या, तर कुठल्या नियमाविरुद्ध? तुमचा अर्ज वाचला जाणार नाही, असं तर कुणी कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

या प्रकरणातला खरा आरोपी कंपनी आहे. वेबसाइटवर ‘अर्ज करा’ असं बटण ठेवायचं, हजारोंनी अर्ज आले की संगणकाकडून चाळून घ्यायचे, उरलेले पडू द्यायचे. मग आपल्याच कर्मचाऱ्यांना सांगायचं, माणसं आणा. ज्या कामासाठी एचआर विभाग पोसायचा ते काम आमच्या गळ्यात. सल्लागार संस्थेमार्फत माणूस घेतला तर वर्षाच्या पगारातला वाटा मोजावा लागतो. माझ्यासारख्याला बक्षीस देणं त्या मानाने स्वस्त. ‘अहो, रेफरलने नोकरी थोडीच मिळते, फक्त रेझ्युमे वाचला जातो,’ असं समजावणारे शहाणे भेटतात. मला याच वाक्याचा सर्वांत जास्त राग येतो. अर्ज वाचणं हे तुमचं काम आहे. ते तुम्ही मेहेरबानी करून ठेवलंत, आणि ती मेहेरबानी वाटायचा अधिकार माझ्यासारख्या ऐऱ्यागैऱ्याला दिलात. वर ती मागणाऱ्या पोराला निर्लज्ज म्हणता.

कायदा काय म्हणतो? १९५९ साली संसदेने एक कायदा केला. पंचवीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनीही आपल्या रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या. अर्थात काही जागांना त्यातून सूट होती, आणि कळवल्यावर तिथूनच माणूस घ्यायचं बंधन नव्हतं. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. एवढ्यात गच्चीबावलीतल्या बऱ्या हॉटेलात एका माणसाची बिर्याणी होते. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय नव्या नावाने घेतला गेला. आमच्या इमारतीत सेवायोजन कार्यालय हा शब्द उच्चारलात तर नव्या पोरांना वाटेल, एखाद्या जुन्या मराठी सिनेमातलं ठिकाण असावं.

कंपन्यांच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी आहे. (आहेच.) कॉल सेंटर, ट्रक वाहतूक आणि तंत्रज्ञान अशा क्षेत्रांतल्या नऊ कंपन्यांची आकडेवारी तपासून अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली दाखवून दिलं, की ओळखीतून आलेली माणसं नोकरी कमी सोडतात आणि कंपनीला परवडतात. ठीक. पण त्याच अभ्यासात असंही निघालं की कसबाच्या बाबतीत ती इतरांहून फारशी वेगळी नव्हती. म्हणजे ‘ओळखीतून दर्जेदार माणसं मिळतात’ हे एचआरचं तुणतुणं बाजूला ठेवा. मिळतात ती स्वस्तात टिकणारी माणसं. तसं सांगा, मग आमची तक्रार नाही.

आपल्याकडचा पुरावा तर याहून बोचरा आहे. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर यांनी कोलकात्यात लोकांना छोटी कामं दिली आणि ‘तुमच्या ओळखीतलं कुणी आणा’ म्हणून सांगितलं. काहींना माणूस आणल्याचे ठरलेले पैसे दिले. काहींचे पैसे आणलेला माणूस काम कसं करतो यावर ठेवले. पैसे कामगिरीवर अवलंबून आहेत म्हटल्यावर नातेवाईक आणण्याचं प्रमाण घटलं आणि सहकारी आणण्याचं वाढलं. आपला पुतण्या किती पाण्यात आहे हे लोकांना पक्कं ठाऊक असतं. खिशाला चाट बसेपर्यंत सांगत नाहीत, एवढंच. आमच्याकडचं बक्षीस पहिल्या प्रकारातलं. माणूस आला, खुर्चीवर टिकला, झालं. तो काम कसं करतो हे बक्षीस देताना कुणी विचारत नाही.

आता हैदराबादचं अमीरपेट. मैत्रीवनमच्या आसपासच्या गल्ल्यांत मान वर केली की आभाळाआधी पाट्या दिसतात: जावा, पायथन, क्लाउड, डेटा, आणि आता अर्थातच एआय. नांदेड, लातूर, निझामाबाद, अदिलाबाद, सगळीकडची पोरं इथे हॉस्टेलात दाटीवाटीने राहतात आणि कोर्स करतात. याच भागात बनावट अनुभवपत्रांचा धंदा चालतो. पोलीस मधूनमधून धाडी घालतात, तो पुन्हा सुरू होतो. बावन्न साली मुल्कीचा खोटा दाखला, आज अनुभवाचा. गाव तेच आहे. त्यात नवी भर म्हणजे रेफरल मागायला शिकवणारे गुरुजी. कुणाला गाठायचं, कितव्या ओळीत स्तुती करायची, कितव्या दिवशी आठवण द्यायची, सगळा मसुदा तयार. थेट पैसे घेऊन रेफरल विकणारेही आहेत, आणि पैसे घेऊन पसार होणारेही. रकाना खोटा भरायचा एकदा सगळ्यांनी मान्य केलं की त्याला बाजारभाव येणारच.

हे गुरुजी अधूनमधून मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा दाखला देतात. १९७३ चा त्याचा निबंध गाजलेला आहे. अमेरिकेतल्या एका उपनगरातल्या माणसांना नोकऱ्या कशा लागल्या हे त्याने विचारलं, तेव्हा ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सतरा टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वारंवार भेट होत होती. बाकीच्यांची क्वचित, अधूनमधून. यावरून गुरुजींनी शोध लावला की परक्यांना निरोप धाडत सुटा. अहो, त्या माणसांची भेट क्वचित होत असली तरी ती एकमेकांना ओळखत होती! कुणी जुना सहकारी होता, कुणी कॉलेजातला. क्वचित भेटणारा आणि कधीच न भेटलेला यातला फरक न कळणारा माणूस करिअरचं मार्गदर्शन करतो, आणि पोरं त्याला फी देतात.

तरीही पोरांनी काय करावं? गच्चीबावलीतल्या ट्रिपल आयटीत कंपन्या आपल्या पायांनी जातात. तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी फिरकत नाही. त्या कॉलेजच्या पोराला अर्ज टाकायला ते बटण आहे, पण तो अर्ज कुणी वाचत नाही. आत ओळख आहे का, तर बाप गंगाखेडला किराणा दुकान चालवतो, ओळख कुठून आणणार? मग तो मला लिहितो. दुसरा कुठला दरवाजा तुम्ही त्याच्यासाठी उघडा ठेवलात ते दाखवा, मग त्याला शिष्टाचार शिकवा.

आणि हसणाऱ्यांना आणखी एक आठवण. २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने दहा हजार आणि गुगलच्या पालक कंपनीने बारा हजार माणसं कमी करत असल्याचं जगभरासाठी जाहीर केलं. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या निरोपांचं वय वाढलं. पंचेचाळिशीचे गृहस्थ, कोंडापूरला फ्लॅट, त्याचा हप्ता, मुलगी बारावीत. ‘सर, आपली भेट झालेली नाही, पण...’ हीच सुरुवात. यातल्या एकाला मी ओळखत होतो. स्क्रीनशॉट मोठ्याने वाचून दाखवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता त्याचा निरोप दुसऱ्या कुठल्या तरी कँटीनमध्ये वाचला जात असेल.

माझी पद्धत सांगतो. अनोळखी माणसाचा रेझ्युमे आला तर वाचतो. जागेच्या अटींत बसत असेल तर चढवतो, ‘इतर’ हा पर्याय निवडतो आणि खाली लिहितो: ‘या उमेदवाराला मी ओळखत नाही. रेझ्युमे वाचला, अटी पूर्ण करतो. कृपया तपासून पाहा.’ आत्याने सुचवलेल्या ताईच्या नातवासाठी लिहितो: ‘नातेवाईक. कामाची माहिती नाही.’ एकदा एचआरच्या बाईंनी बोलावून घेतलं. ‘सर, असं लिहिलंत तर उमेदवाराचं नुकसान होतं.’ मी म्हटलं, मॅडम, रकाना तुम्हीच ठेवलाय. त्या म्हणाल्या, ‘तसं नाही हो, काहीतरी चांगलं लिहायचं असतं.’ आत्याही हल्ली फोन करत नाही. अनुभवाची बोगस पत्रं जोडणाऱ्यांना आणि मला मेंटॉर म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, हेही सांगून ठेवतो.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकजण हैदराबादेत, पुण्यात, बंगळुरात अशाच कंपन्यांत बसलेले असणार. तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी तो रकाना समोर येईल तेव्हा त्यात खरं लिहा: परक्याच्या बाबतीत खरं, आणि भाच्याच्या बाबतीतही खरं. पुरेशा लोकांनी ‘ओळखत नाही’ असं लिहायला सुरुवात केली तर त्या रकान्याच्या जिवावर चाललेली भरती बंद पडेल, आणि एचआरला आलेले अर्ज उघडून वाचावे लागतील. त्यांना त्याचाच पगार मिळतो.